दुसरा रूळ आला, टाकी गेली: कऱ्हाड–सांगली पट्ट्यातल्या एका स्टेशनचं प्रकरण

कऱ्हाड आणि सांगली यांच्या मधल्या एका लहान स्टेशनावर मीटरगेजच्या काळातली चार बांधकामं परवापरवापर्यंत उभी होती. इंजिनांना पाणी द्यायची दगडी टाकी, जुन्या स्टेशनची कौलारू खोली, फाटकावरचं गेटमनचं घर आणि गावाबाहेरच्या ओढ्यावरची कमानी मोरी. दुहेरीकरण आणि विद्युतीकरणाचं काम आटोपलं तोवर टाकी आणि गेटमनचं घर जमीनदोस्त झालं होतं, मोरी निम्मी काँक्रीटच्या आड गेली होती आणि स्टेशनची खोली तेवढी वाचली होती. हे कसं घडलं, कुठल्या टप्प्यावर वेगळं घडू शकलं असतं आणि काय वाचवणं खरोखरच शक्य नव्हतं, ते इथे मांडतो. स्टेशनचं नाव लिहीत नाही. त्या कामावरची माणसं अजून याच भागात नोकरीला आहेत, आणि त्यांच्यापैकी निदान एकाने आम्हाला मनापासून मदत केली.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या मार्गावर दुसरा रूळ हवाच होता. एकेरी लाइनवर क्रॉसिंगसाठी गाडी आडस्टेशनावर थांबली की समोरची गाडी येऊन जाईपर्यंत हलायची नाही, हे या भागातल्या प्रत्येक प्रवाशाने सोसलेलं आहे. पुण्याला दवाखान्यासाठी निघालेला पेशंट, परीक्षेला निघालेली मुलं, सगळे त्या क्रॉसिंगच्या हवाली असायचे. डिझेलच्या धुरातून सुटका झाली तीही चांगलीच गोष्ट झाली. त्यामुळे ‘विकास विरुद्ध वारसा’ असा सामना मी इथे लावणार नाही. या प्रकरणात तो नव्हताच.

लाइन आणि तिच्या कडेची गावं

सदर्न मराठा रेल्वे कंपनीने १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही लाइन मीटरगेजवर टाकली. १९०८ मध्ये ही कंपनी आणि मद्रास रेल्वे एकत्र होऊन ‘मद्रास अँड सदर्न मराठा’ झाली. माझे आजोबा शेवटपर्यंत ‘एमेसेमची गाडी’ म्हणायचे. १९७१ च्या सुमारास पुणे–मिरज भाग ब्रॉडगेज झाला. दोन रुळांमधलं अंतर एक मीटरवरून १६७६ मिलिमीटरवर गेलं आणि काही ठिकाणी लाइनच दुसरीकडून वळवली गेली.

ही वळवावळव पाहिली की आमच्या भागात रेल्वेने काय काय घडवलं ते कळतं. सातारारोड हे स्टेशन जुन्या लाइनवर होतं. नवी लाइन सातारा शहराच्या जवळून, माहुलीकडून नेली आणि सातारारोडला गाडी येणं बंद झालं. गावाचं नाव मात्र सातारारोडच राहिलं आणि धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये तिथे काढलेला कारखानाही राहिला. सांगली शहरातलं जुनं स्टेशन गेलं, स्टेशन चौक राहिला. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर कारखाना आणला तेव्हा कुंडलरोड स्टेशन हाताशी होतं. पुढे त्या स्टेशनलाच किर्लोस्करवाडी म्हणू लागले. कऱ्हाड स्टेशनला लागून ओगलेवाडी वसली आणि तिथल्या काच कारखान्याचे प्रभाकर कंदील घराघरांत गेले. कूपर, ओगले, किर्लोस्कर हे तिन्ही उद्योग एकाच मीटरगेज लाइनच्या काठावर उभे राहिले. सातारा–सांगलीच्या औद्योगिक इतिहासाची पहिली पानं या रुळांच्या कडेला लिहिली गेली आहेत, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आमच्या स्टेशनाजवळ कारखाना नव्हता. तिथे इंजिनं पाणी घ्यायची, एवढंच त्याचं महत्त्व.

टाकी

ओढ्याकाठच्या विहिरीवरून पंपाने पाणी वर चढवायचं, टाकीत साठवायचं आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला असलेल्या सोंडेसारख्या नळातून इंजिनात सोडायचं, अशी रचना होती. नळ केव्हाच गेला होता. टाकीचा चौथरा काळ्या घडीव दगडाचा, अंदाजे साडेचार मीटर चौरस. एका बाजूला कमानीचं दार आणि आत पंपाची खोली. वर बिडाच्या चौकोनी पत्र्यांची, बोल्टांनी जोडलेली टाकी. दगडांचे सांधे चुन्याचे, आणि इतके बारीक की चाकूचं पातं आत सरकत नव्हतं. ब्रॉडगेज आली तेव्हाच ती पाडायची होती म्हणतात, पण स्टेशनच्या आणि क्वार्टरच्या वापराला पाणी लागतं म्हणून ठेवली.

दगड जवळून पाहिले तर त्यांवर पाथरवटांच्या खुणा दिसायच्या. कुठे बाण, कुठे त्रिशूळ, कुठे नुसती फुली. कुणी किती दगड घडवले याचा हिशेब या खुणांवरून व्हायचा आणि त्यावर मजुरी ठरायची. त्या माणसांची नावं कुठल्याही कागदावर सापडणार नाहीत, त्यांच्या हाताची एवढीच सही होती.

पंपाच्या खोलीत शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेल्या नोंदी होत्या. पंप किती वाजता चालू केला, किती वाजता बंद केला, मध्ये पट्टा तुटला का, याच्या ओळीखाली ओळी. बहुतेक मराठीत, काही आकडे कानडी. हुबळीकडून बदलून आलेला कुणी पंपवाला असणार. एका जागी कुणीतरी पावसाची पहिली सर कधी आली ते लिहून ठेवलं होतं. माझ्या दृष्टीने या चौथऱ्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ती भिंत होती, आणि तिच्याबद्दल रेल्वेच्या कोणत्याही कागदात अक्षर नव्हतं.

एका कोपऱ्यात दोन दगडांना लोखंडी पट्टीने बांधलेलं होतं. त्याची हकीकत गावातल्या एका निवृत्त गँगमनने सांगितली. वय ऐंशीच्या पुढे, सगळे त्यांना तात्या म्हणतात. “कोयनंचा भूकंप झाला तवा पहाटं खाटंवनं खाली पडलो बघा. आधी रूळ बघाय पळालो. टाकी हुबीच हुती. बारीक चीर गेल्याली, ती सायबानं पट्टी मारून घेतली. तवापासनं थेंब गळला न्हाई.” म्हणजे ११ डिसेंबर १९६७ चा धक्का त्या चुन्याच्या बांधकामाने पचवला होता.

निर्णय कधी झाला

पुणे–मिरज–लोंढा या ४६७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला गेल्या दशकाच्या मध्यावर मंजुरी मिळाली. त्यानंतरची कामाची रीत समजून घेतली नाही तर हे प्रकरण समजत नाही, म्हणून थोडं तपशिलात जातो.

प्रत्येक स्टेशनचा एक मोजमापी नकाशा तयार होतो. इंजिनिअरिंग स्केल प्लॅन, कामावरचे लोक त्याला ईएसपी म्हणतात. नवी लाइन कुठून जाणार, लूप म्हणजे गाडी बाजूला घेण्याचा रूळ किती लांब होणार, प्लॅटफॉर्म कुठे, काय पाडायचं, काय हलवायचं, हे सगळं त्यावर दाखवतात. वेगवेगळ्या विभागांच्या त्यावर सह्या होतात. मग त्या नकाशावर आधारून सिग्नलचा इंटरलॉकिंगचा, म्हणजे सिग्नल आणि रुळांचे सांधे एकमेकांशी बांधून ठेवण्याचा, नकाशा बनतो आणि विजेच्या खांबांच्या जागा ठरतात. एकदा सिग्नलचा नकाशा झाला की ईएसपीत हात घालणं फार जिकिरीचं होतं. एक रेघ हलली तर पुढचे सगळे नकाशे पुन्हा सह्यांना जातात, ठेकेदाराचा दर बदलतो, मुदत पुढे जाते. म्हणून बांधकाम राहणार की जाणार हे जेसीबी येतो त्या दिवशी ठरत नाही. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी, एका टेबलावर ठरून गेलेलं असतं.

माहितीच्या अधिकारात आम्हाला आमच्या स्टेशनचा नकाशा पाहायला मिळाला. टाकी आणि गेटमनचं घर यांच्यापुढे ‘पाडणे’ असा शेरा होता, मोरीपुढे ‘लांबी वाढवणे’ आणि स्टेशनच्या खोलीपुढे काहीच नव्हतं. बांधकामाचं क्षेत्रफळ होतं, रुळापासूनचं अंतर होतं. बांधकाम कोणत्या साली झालं यासाठी रकानाच नव्हता. १८८० च्या दशकातला चौथरा आणि शेजारची १९८० नंतरची पत्र्याची शेड यांची नोंद एकाच पद्धतीने, एकाखाली एक केलेली होती. नकाशा करणाऱ्याने काही लपवलं किंवा टाळलं असं मला वाटत नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यानेही कुणाला विचारायची रीत नव्हती.

गावाला कळलं ते टाकीवर लाल रंगाची फुली पडली तेव्हा. मग ग्रामसभेचा ठराव झाला, निवेदन गेलं, फोटोसह बातमी आली. उत्तर आलं की सदर बांधकाम संरक्षित स्मारक नाही. ते उत्तर कायद्याला धरूनच होतं. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, ती टाकी केव्हाच ओलांडून बसली होती. पण नुसतं वय पुरत नाही, राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून जाहीर व्हावं लागतं. शहरांमध्ये वारसा याद्या आणि समित्या असतात, पण आमच्यासारख्या गावात कुणी यादी केलेली नसते. शिवाय रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम ११ ने रेल्वे प्रशासनाला लाइन बांधण्यासाठी आणि राखण्यासाठी इतर कायदे काहीही म्हणत असले तरी बांधकाम करण्याचे, फेरबदल करण्याचे व्यापक अधिकार दिले आहेत. कायदेशीर लढाईला जागा फारशी नव्हतीच.

चार बांधकामं, चार निवाडे

टाकी वाचली नसती. हे कबूल करायला जड जातं, पण मोजमापच तसं आहे. नव्या कामात दोन लाइनींच्या मध्यांमध्ये किमान ५.३ मीटर अंतर ठेवावं लागतं. टाकीचा दर्शनी दगड जुन्या लाइनच्या मध्यापासून सहा मीटरच्या आतबाहेर होता. म्हणजे नव्या लाइनचा मध्य दगडापासून हातभर अंतरावर येणार, तिथे डबा पुढे जाऊच शकत नाही. लाइन दुसऱ्या बाजूने टाकावी तर तिकडे प्लॅटफॉर्म, स्टेशन आणि त्यामागे लोकांची घरं. टाकीसाठी माणसांची घरं हलवा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण टाकी पाडणं आणि टाकी टाकून देणं यांत फरक आहे, आणि माझं दुखणं तिथे आहे. रूळ चालू असल्यामुळे काम ब्लॉक घेऊन, म्हणजे ठरावीक वेळ गाड्या थांबवून, करावं लागलं. मोजक्या तासांत क्रेन लावून बिडाचे पत्रे गॅस कटरने कापले आणि भंगारात जमा केले. पत्र्यांवर ओतीव इंग्रजी अक्षरं होती, रंगाच्या थरांखाली अर्धी बुजलेली. घडीव दगड डंपरमध्ये भरून पुढच्या भरावाच्या पिचिंगला, म्हणजे उतारावर बसवायच्या दगडी थराला, गेले. आज त्या भरावावर नीट पाहिलं तर एखाद्या दगडावर बाणाची खूण दिसते. चौथऱ्याचे दगड क्रमांक टाकून उतरवायचे आणि स्टेशनच्या मागच्या मोकळ्या जागेत रचून ठेवायचे, एवढी एक ओळ निविदेत असती तर ठेकेदाराने ते काम दरात धरलं असतं. निविदा निघून गेल्यावर ते ‘जादा काम’ झालं, आणि जादा काम कुणालाच नको असतं.

पाडण्याआधीच्या दिवसांत नोंदणी झाली ती एका सेक्शन इंजिनिअरमुळे. त्याने आपल्या अधिकारात, रुळाकडे नजर ठेवायला एक माणूस देऊन, गाड्यांच्या मधल्या वेळात आम्हाला आत जाऊ दिलं. गावातली पॉलिटेक्निकची मुलं टेप घेऊन आली. त्यांनी चारी बाजूंची मापं घेतली, कागद लावून पेन्सिल घासून पाथरवटांच्या खुणा उतरवल्या, कोळशाच्या नोंदींचे ओळीने फोटो काढले. भिंतीचा गिलावा काढून नेता येतो का तेही पाहिलं, पण तो हात लावताच सुटत होता. आज त्या भिंतीचं जे काही उरलं आहे ते या मुलांच्या फोटोंमध्ये.

गेटमनच्या घराचा निवाडा मात्र मी सहज सोडणार नाही. हे घर वाचू शकत होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, मंगळुरी कौलं, परसात चिंच. नव्या लाइनपासून ते पुरेसं लांब होतं. ते गेलं ते फाटक बंद करून केलेल्या भुयारी मार्गाच्या पोहोच रस्त्यामुळे. रस्त्याचं वळण नकाशावर सरळ रेघेत घेतलं आणि ती रेघ पडवीवरून गेली. पलीकडच्या बाजूला रेल्वेचीच जागा रिकामी होती. वळण काही मीटर तिकडे सरकवायला ना कुणाची जमीन घ्यावी लागली असती, ना उतार बदलला असता. काम सुरू झाल्यावर आम्ही हे जागेवर दाखवलं तेव्हा “बरोबर आहे, पण आता नकाशा मंजूर आहे” एवढंच ऐकायला मिळालं. गेटमनच्या कुटुंबांच्या पिढ्या त्या घरात वाढल्या. पावसाळी रात्री हातात कंदील घेऊन फाटक सांभाळलेल्या बाया आजही गावात आहेत, कारण नवरा आजारी पडला की फाटक बाईच ओढायची. त्यांच्या कामाची खूण सांगणारी ती एकच वास्तू होती.

मोरीचं बरं झालं म्हणायला हवं. जुनी कमान तशीच ठेवून तिला लागून नव्या लाइनखाली काँक्रीटची चौकट बांधली. ओढ्याच्या वरच्या अंगाने गेलं की घडीव दगडाची कमान आजही दिसते आणि तिच्यावरून गाडी जाते.

मोल कशावरून ठरवायचं

सुंदर इमारत नव्हती, मग जपायचं काय, असा प्रश्न आम्हाला बैठकीत विचारला गेला. त्याला उत्तर याच लाइनवर आहे.

१९०१ मध्ये साताऱ्यात राहणारा छोटा भीमराव, भाऊ आणि भाच्यांबरोबर, वडिलांना भेटायला कोरेगावला निघाला. टांग्याने दहा मैलांवरच्या रेल्वे स्टेशनला गेला आणि गाडीने मसूरला उतरला. न्यायला कुणी आलं नव्हतं. नीटनेटक्या कपड्यांतली मुलं पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करायला आला, आणि मुलं महार आहेत हे कळताच मागे सरकला. भाड्याची गाडी कुणी देईना. शेवटी दुप्पट पैसे घेऊन, मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचं, या अटीवर गाडी मिळाली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. मसूरच्या त्या फलाटाचं मोल कमानी आणि खांब मोजून कसं ठरवणार?

किंवा शेणोली घ्या. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने तिथे इंग्रज सरकारच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. कॅप्टन रामभाऊ लाड आणि जी. डी. बापू लाड त्यात पुढे होते. ती जागा म्हणजे रुळाकडेचा एक तुकडा. लोकांनी तिथे स्मारक केलं म्हणून तो ओळखता येतो.

जुन्या सोयी कधी उपयोगी पडतील तेही सांगता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी पोहोचवायला मिरजेहून रेल्वे निघाली. ती मिरजेहूनच निघू शकली, कारण कृष्णेचं पाणी हैदरखान विहिरीवरून यार्डापर्यंत आणण्याची रेल्वेची स्वतःची व्यवस्था तिथे होती. मिरजेत एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या उभ्या राहायच्या. १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेला पोहोचलेली ती नॅरोगेज गेली, वारकऱ्यांनी भरून वाहिलेले तिचे छोटे डबे गेले. जे गेलं त्याची मापं कुणी घेतली असती तर आज निदान शाळेत दाखवता आली असती.

सध्याची स्थिती

जुन्या स्टेशनची खोली अजून उभी आहे. नव्या लाइनच्या विरुद्ध बाजूला असल्यामुळे ती वाचली. तिच्या वाटेला कुठलं काम आलंच नाही. सागवानी तुळया चांगल्या आहेत, दाराच्या चौकटीवर तिकीट खिडकीच्या लाकडी पट्टीची खाच दिसते. मागच्या भिंतीत पिंपळाने मूळ धरलं आहे, ते आता काढलं नाही तर भिंत फुटेल.

ग्रामपंचायतीने ती खोली वाचनालयासाठी परवान्यावर मागितली आहे. अर्जासोबत मुलांनी काढलेली रेखाटनं, टाकीच्या नोंदींचे फोटो आणि खोलीचा दुरुस्तीचा आराखडा जोडला आहे. दुसरी मागणी विभागीय कार्यालयाकडे आहे. यापुढच्या कोणत्याही स्टेशनच्या ईएसपीत बांधकामाच्या सालाचा रकाना असावा, आणि १९४७ पूर्वीचं बांधकाम ‘पाडणे’ शेऱ्यात गेलं तर निविदेआधी त्याची मापं, फोटो आणि एक प्रत ग्रामपंचायतीला मिळावी. जमीन लागत नाही, लाइन थांबत नाही, आणि मापं घेण्याचा खर्च एवढ्या मोठ्या कामात नजरेतही येणार नाही. अमृत भारत योजनेत स्टेशनं नव्याने बांधली जात आहेत. सातारा जिल्ह्यातल्या लोणंदचं लोकार्पण २२ मे २०२५ रोजी झालं. अशा प्रत्येक ठिकाणी हा रकाना लागू करता येईल.

पॉलिटेक्निकच्या मुलांनी आता पुढच्या तीन स्टेशनांवरच्या मोऱ्या आणि गँगमनच्या चाळी मोजायला घेतल्या आहेत, लाल फुली पडायची वाट न पाहता. आमच्या खोलीचं परवान्याचं पत्र यायचं आहे. ते पावसाळ्याआधी आलं तर पहिलं काम पिंपळाचं मूळ काढायचं आणि खोली शाकारून घ्यायची. कौलं गावातल्याच एका पडक्या वाड्याची मिळाली आहेत, आणि शाकारणीला माणसं आणायची जबाबदारी तात्यांनी घेतली आहे.